जुन्या फटफटीला पेट्रोल पुरत नसेल तर



गाळप हंगाम सुरू झाला की सभासदाच्या मोटारसायकलला विसावा नसतो. सकाळी तोडणीच्या टोळीकडे, दुपारी गट ऑफिसात चिटबॉयला गाठायला, संध्याकाळी वजनाच्या पावत्या घ्यायला, आणि रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात बारा वाजता दारे धरायला. आपल्याकडे नव्या गाड्या पुष्कळ आल्या, तरी राजदूत, येझदी, जुनी बुलेट आणि १९८५ च्या सुमारास आलेल्या शंभर सी. सी. च्या पहिल्या गाड्या अजून कित्येक वस्त्यांवर उभ्या आहेत. शेतकरी जुनी गाडी सहसा विकत नाही. ती दावणीच्या बैलासारखी असते. म्हातारी झाली तरी घरचीच.

या गाड्यांबद्दल एक तक्रार वरचेवर कानावर येते. गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते, चार-पाच किलोमीटर झकास पळते, मग धक्के मारायला लागते, दम तोडते आणि बंद पडते. दहा मिनिटे सावलीला थांबले की पुन्हा चालू! चढाला किंवा मागे युरियाचे पोते असले म्हणजे त्रास जास्त. सभासद गाडी फिटरकडे नेतात. फिटर कार्बोरेटर उघडतो, फुंकतो, दोन स्क्रू फिरवतो, पैसे घेतो. आठ दिवसांनी गाडी परत तशीच. मग पारावर कोणीतरी म्हणतेच, "हे सगळं तुमच्या इथेनॉलनं केलंय."

आपण ऊस उत्पादक आहोत, इथेनॉलच्या पैशात आपलाही वाटा आहे, म्हणून हे बोलणे झटकून टाकता येईल. पण तसे करणे बरोबर नाही, कारण त्यात काही अंशी तथ्य आहे. तथ्य किती आणि कोणते, ते पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या गाडीत पेट्रोल पुरत नाही तेव्हा मार कार्बोरेटरला बसतो, पण चोर बहुतेक वेळा वर टाकीत बसलेला असतो. म्हणून शोध वरून खाली करावा, खालून वर नव्हे.

पेट्रोलची वाट

या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पाटाचे पाणी उताराने येते तसे पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. (२०२० साली प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत टाकीत पंप असतो आणि इंजेक्शन असते. त्यांची गोष्ट निराळी. हा लेख त्यांच्यासाठी नाही.) वाटेत मोजक्याच जागा आहेत: टाकीचे झाकण, टाकी, कॉक व त्यातली जाळी, रबरी नळी, नळीत बसवला असल्यास फिल्टर, मग कार्बोरेटरची वाटी, वाटीत पेट्रोलची पातळी धरणारा फ्लोट व त्याची सुई, आणि सर्वांत शेवटी जेट.

ज्यांनी ठिबक केले आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. ड्रिपर बंद पडला तर जाणता माणूस ड्रिपर टोचत बसत नाही, आधी फिल्टर उघडतो. जेट म्हणजे गाडीचा ड्रिपर. मेन जेटचे छिद्र साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. एम-३० साखरेचा एक दाणा त्यातून जायचा नाही. पायलट जेट तर त्याच्या निम्म्याहून बारीक. टाकीतल्या गंजाचा एक कण तिथे बसला की काम थांबले. (साखरेचा विषय निघाला म्हणून सांगतो: पेट्रोलच्या टाकीत साखर टाकली की ती विरघळून इंजिन जाम होते, ही समजूत खोटी आहे. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तळाशी बसते आणि जाळी तुंबवते, एवढेच.)

गाडीला पेट्रोल लागते तरी किती? लिटरला ४० किलोमीटर देणारी गाडी ताशी ५० च्या वेगाने गेली तर तासाला सव्वा लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम २० मिलिलिटर. चहाचे चार चमचे म्हणा. चढाला किंवा ओझ्यावर याच्या दुप्पट धरा. इतकी बारीक धार असल्यामुळे थोडासा अडथळासुद्धा लगेच जाणवतो. आणि सावकाश चालवताना गाडी बरी वाटते, चढाला मरते, त्याचेही कारण हेच.

आधी पेट्रोल की करंट, ते ठरवावे

गाडी बंद पडली की दोनच संशय असतात. पेट्रोल येत नाही, नाहीतर करंट येत नाही. चालत्या गाडीचा करंट तुटला तर गाडी दिव्याचे बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडते. पेट्रोल कमी पडले तर गाडी सांगून बंद पडते: आधी ओढ कमी होते, मग हिसके, मग भुक-भुक, मग शांत. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण शंभरातल्या बऱ्याच गाड्यांना हे लागू पडते.

रस्त्यातच करता येईल अशी एक परीक्षा आहे. गाडी हिसके मारू लागली की चालत्या गाडीत चोक अर्धा ओढून पाहावा. चोकने हवा कमी होते व पेट्रोलचे प्रमाण वाढते. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे हे नक्की. उलट आणखी गुदमरली, काळा धूर टाकू लागली, तर पेट्रोल जादा होते आहे. तेव्हा एअर फिल्टर आणि फ्लोटकडे पाहावे. दुसरी परीक्षा घरी. चोक ओढून आठ-दहा किका माराव्यात आणि प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, दोष करंटचा आहे किंवा पेट्रोल जास्त होऊन गाडी बुडाली आहे.

झाकणाला श्वास हवा

चार-पाच किलोमीटर चालून बंद पडणे आणि थांबल्यावर पुन्हा चालू होणे, ही खूण दिसली की सर्वांत आधी टाकीचे झाकण. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुळगुळ करीत अडकत येते. दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. टाकीचेही तसेच. जेवढे पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र ठेवलेले असते. धूळ, चिखल, जुन्या रबराचा भुगा यांनी ते बंद होते. एखादा सभासद पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर एम-सील लावतो. पाणी जात नाही हे खरे, पण हवाही जात नाही.

चार-पाच किलोमीटरच का, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टाकीतल्या पेट्रोलची कार्बोरेटरपासून उंची सुमारे ३० सेंटीमीटर धरली, तर तेवढ्या उंचीचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के भरतो. म्हणजे बंद टाकीतली हवा दोन टक्के ताणली गेली की पेट्रोल खाली यायचे थांबले. अर्ध्या भरलेल्या १२ लिटरच्या टाकीत सहा लिटर हवा असते. तिचे दोन टक्के म्हणजे १२० मिलिलिटर. तेवढ्या पेट्रोलवर लिटरला ४० देणारी गाडी पावणेपाच किलोमीटर जाईल! थांबले की कोठून तरी हवा हळूहळू झिरपते आणि पुन्हा धार सुटते. टाकी काठोकाठ भरली असेल तर आत हवा थोडी, म्हणून गाडी त्याहून लवकर थांबते. "पंपावर टाकी फुल केली आणि तिथूनच बिघडली, पेट्रोल भेसळीचं होतं," असे सांगणारे भेटतात. कधी ते खरेही असेल, पण आधी झाकण बघावे.

तपासणी सोपी आहे. गाडी बंद पडायच्या बेतात आली की थांबून झाकण उघडावे. 'फुस्स' असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर रोग सापडला. सुईने छिद्र मोकळे करावे. अनुभवी फिटर आणि सभासद यांचे बोलणे बहुधा असे होते:

"मिस्त्री, कार्बोरेटर बघा जरा, चढाला दम तोडते."

"आण्णा, कार्बोरेटर राहू द्या. आधी झाकण काढून माझ्या हातात द्या."

असा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नये.

कॉक, जाळी आणि बाटलीची परीक्षा

आता पेट्रोल उघडे हाताळायचे आहे, म्हणून खबरदारी आधी. काम उघड्यावर करावे, इंजिन थंड झाल्यावर करावे. जवळ विडी, चूल, पाचट पेटवलेले शेत काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत लांबपर्यंत जाते आणि तिथून पेट घेते. रात्री कंदील किंवा काडी लावून टाकीत डोकावणाऱ्यांचे तोंड भाजल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. बॅटरी वापरावी. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नये. घोट फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

कार्बोरेटरकडची नळी काढून पारदर्शक बाटलीत सोडावी आणि कॉक उघडावा. झाकण बंदच ठेवावे. एका मिनिटात १०० मिलिलिटरहून बरेच जास्त पेट्रोल यायला हवे, आणि धार एकसारखी हवी. दोन-तीन मिनिटे पाहात राहावे. सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू मंदावली आणि झाकण उघडताच पुन्हा वाढली, तर दोष झाकणाचा. पहिल्यापासूनच करंगळीएवढीही धार नसेल, थेंब-थेंब येत असेल, तर दोष कॉकचा, जाळीचा किंवा नळीचा. मेनवर धार कमी आणि रिझर्व्हवर चांगली, असे झाले तर कॉकच्या उभ्या नळीची जाळी तुंबली आहे. उलटही होते. रिझर्व्हचे तोंड टाकीच्या अगदी तळाशी असते, त्यामुळे सगळा गाळ आणि पाणी आधी तिकडून येते. "रिझर्व्हला लावली की बंद पडते," ही तक्रार ऐकली की टाकीचा तळ खराब झाला असे समजावे.

बाटली हलवू नका, दहा मिनिटे तशीच ठेवा. तळाला तांबूस गाळ बसला तर टाकी गंजली आहे. तळाला पाण्यासारखा निराळा थर किंवा मोत्यासारखे थेंब दिसले तर टाकीत पाणी आहे. या एका बाटलीने जेवढे कळते तेवढे अर्धा दिवस पाने फिरवून कळत नाही.

कॉक काढून जाळी ब्रशने धुवावी. आतला वायसर पाहावा; जुन्या ओढायच्या-ढकलायच्या कॉकमध्ये बुचाचा वायसर असतो, तो वाळला की गळतो आणि फुगला की वाट अडवतो. नळी बाहेरून चांगली दिसली तरी दाबून पाहावी. फुगून मऊ पडलेल्या रबराचे आतले कातडे सुटून झडपेसारखे आडवे येते, आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही. नळी बदलताना पेट्रोलची म्हणून मिळते तीच घ्यावी. गवंड्याची लेव्हलची प्लॅस्टिक नळी बसवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती महिन्या-दोन महिन्यांत पिवळी पडते, ताठर होते आणि तोंडाशी चिरते. इंजिनाच्या गरम भागावर पेट्रोल ठिबकण्याइतका धोका दुसरा नाही. नळी सिलिंडरला टेकू देऊ नये आणि वर उचलून खाली आणू नये, सरळ उतार ठेवावा. नाहीतर उन्हाळ्यात नळीत वाफेचा बुडबुडा अडकून पाइपलाइनीत हवा धरल्यासारखे होते. मध्ये फिल्टर बसवायचा तर उताराने येणाऱ्या पेट्रोलसाठी असतो तो. पंपाच्या गाडीचा जाड कागदाचा फिल्टर इथे बसवला तर कचरा अडेल, आणि पेट्रोलही अडेल.

मग कार्बोरेटर

इथपर्यंत सगळे ठीक असेल तरच कार्बोरेटरला हात लावावा. खालच्या वाटीचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल बाटलीत घ्यावे. त्यात पाणी-गाळ निघाला तर नुसते तेवढे काढूनही गाडी तात्पुरती घरी पोचते.

तक्रार कोणत्या वेगाला आहे यावरून जागा कळते. गाडी उभी असताना बंद पडते, चोकशिवाय थांबत नाही, तर पायलट जेट. अर्ध्या मुठीला अडखळते तर मधली सुई व तिची क्लिप. पूर्ण मूठ पिळल्यावर ओढत नाही तर मेन जेट, नाहीतर वरून येणारी धारच कमी. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबर चिरला असेल तर तिथून फुकटची हवा जाते व सगळ्याच वेगांना गोंधळ होतो.

जेट फुंकून किंवा पंक्चरवाल्याच्या हवेने साफ करावे. पोलादी तार घालू नये. पितळ मऊ असते. तारेने छिद्र रुंदावले की गाडी कायमची जादा पेट्रोल पिऊ लागते आणि दोष सापडत नाही. हवेचा स्क्रू फिरवण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे बसतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवावे, म्हणजे मूळ जागी परत आणता येतो. एवढे एक केले तरी निम्म्या गाड्या फिटरच्या हातून बिघडायच्या वाचतील.

वाटीतून पेट्रोल वाहून खाली ठिबकत असेल तर फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला आहे. वाटीला पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टिचक्या मारल्या तर कण सुटतो. नाही सुटला तर उघडावे लागते. पितळी फ्लोट असेल तर कानाशी धरून हलवावा. आत खळखळ झाली तर तो फुटून भरला आहे. अशा गाडीचा कॉक रात्री उघडा ठेवला तर फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा ऑईलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू न करता ऑईल बदलावे.

आता इथेनॉलचे

आपल्या राज्यासह काही राज्यांत २००३ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. पुढे बरीच वर्षे ते प्रमाण कागदावर जास्त आणि टाकीत कमी असे राहिले. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ मध्ये नेहमीच्या पेट्रोलमध्येच वीस टक्के झाले. १९८० किंवा १९९० साली बनलेली गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर आणि धातू यासाठी निवडलेले आहेत.

फरक तीन ठिकाणी पडतो. पहिला, ताकद. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात वीस टक्के मिश्रणाने दुचाकीचे अॅव्हरेज तीन ते चार टक्के घटेल असे म्हटले आहे. म्हणजे ४० चे साडेअडतीस. ज्याची गाडी ४० वरून २८ वर आली त्याने इथेनॉलला दोष न देता गळती शोधावी.

दुसरा, हवेचे प्रमाण. एक किलो निव्वळ पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेरा. जुन्या जेटचे माप पहिल्या हिशेबाने ठरलेले. त्यामुळे आता त्याच हवेला पेट्रोल थोडे अपुरे पडते, गाडी थोडी कोरडी चालते. जी गाडी आधीच अर्धवट तुंबलेली होती आणि कशीबशी चालत होती, ती आता उघडी पडते. प्लग पाहावा: विटकरी-तपकिरी असेल तर काही करू नका. पांढरा फटक असेल आणि टाकीपासून नळीपर्यंत सगळे स्वच्छ असेल, तर ज्या सुईला खाचा आहेत तिची क्लिप एक खाच खाली घालावी म्हणजे सुई वर उठते, किंवा मेन जेट एक माप मोठा घालावा. हे जाणत्या फिटरकडून करून घ्यावे.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा: पाणी. निव्वळ पेट्रोलच्या टाकीत थोडे पाणी गेले तर ते तळाला वेगळे पडून राही आणि काढून टाकता येई. इथेनॉल पाण्याला धरते. दहा टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर पाणी मुरते, वीस टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून काही जास्त. तोवर ठीक, ते पाणी पेट्रोलबरोबर जळून जाते. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसते. म्हणजे तळाशी पाण्याहून किती तरी मोठा पाणी-इथेनॉलचा थर तयार होतो, आणि कॉकचे तोंड नेमके तिथेच! थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून संध्याकाळी बरी असलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे चालू होत नाही.

आसवनी प्रकल्प पाहिलेल्या सभासदांना ठाऊक असेल की आधी सुमारे ९५ टक्क्यांचे स्पिरिट निघते, आणि पेट्रोलमध्ये घालण्यासाठी त्यातले उरलेले पाणी काढून ते साडेनव्याण्णवच्या वर न्यावे लागते. त्यासाठी वेगळी यंत्रसामग्री बसवावी लागते. एवढ्या खर्चाने कारखाने पाणी काढतात, आणि आपण झाकणाचा चिरलेला रबर न बदलता गाडी पावसात उभी करतो.

पाणी येते ते मुख्यतः तिथूनच: चिरलेल्या रबरातून, गाडी धुताना झाकणावर मारलेल्या जोराच्या फवाऱ्यातून, आणि बाटलीतल्या किंवा कॅनमधल्या सुट्या पेट्रोलातून. तणनाशकाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पेट्रोलसाठी वापरू नये. हवेतला ओलावाही आत जातो, पण सावकाश. महिनोन् महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी असेल तर त्याचा परिणाम होतो. पाण्याने पत्रा गंजतो, इथेनॉल जुना चिकटलेला गाळ सोडवते, जुन्या रबराला फुगवते, आणि हे सगळे मिळून जेटवर येऊन बसते. पारावरच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढे.

टू-स्ट्रोक गाडीवाल्यांनी अधिक जपावे. राजदूत-येझदीच्या इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलमधूनच मिळते. तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ते ऑईल नसते. ते वर पेट्रोलबरोबर राहते. असा थर इंजिनात गेला, किंवा तुंबलेल्या जेटमुळे पेट्रोल कमी जाऊ लागले, तर वंगणही कमी जाते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. धावत्या गाडीचे चाक जागीच जाम होते. म्हणून टू-स्ट्रोक गाडी हिसके मारू लागली तर "घरापर्यंत नेऊ" म्हणून मूठ पिळत राहू नये. क्लच दाबून बाजूला घ्यावी. आणि पेट्रोल, करंट दोन्ही ठीक असून ओढ नसेल तर सायलेन्सरमधला कार्बन पाहावा. ते या लेखाबाहेरचे आहे.

टाकी धुण्याबद्दल

बाटलीत गाळ किंवा पाणी निघाले तर टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी, रिझर्व्हच्या तळासकट. थोडे चांगले पेट्रोल घालून हिंदकळावे, ओतून द्यावे, पुन्हा बाटलीत पाहावे. गंज जास्त असेल तर मूठभर नट घालून हलवतात, किंवा गंज काढायचे द्रावण वापरतात. नंतर आतून पूर्ण कोरडी करावी. नट मोजून घालावेत आणि मोजून काढावेत. आतून लावलेले जुने लेपन इथेनॉलने सुटून पापुद्रे येतात, तेव्हा लेप द्यायचाच तर तो इथेनॉलला टिकणारा आहे का हे विचारून घ्यावा. टाकीला भोक पडले असेल तर ती वेल्डिंगच्या दुकानात तशीच टेकवू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. ठिणगीने ती बॉम्बसारखी फुटते. हे काम टाकीचेच काम करणाऱ्या माणसाकडे द्यावे.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहात नाही. कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. वाटीत राहिलेले पेट्रोल वाळून जेटवर राळेसारखे बसते.

फिटरकडे जाताना "गाडी बिघडली" एवढेच सांगू नये. किती किलोमीटरवर बंद पडते, चोक ओढल्यावर काय होते, झाकण उघडल्यावर काय झाले, बाटलीत काय निघाले, हे सांगावे. डिकीत एक हातभर पेट्रोलची नळी, दोन क्लिपा, कॉकचा वायसर, एक प्लग व प्लगपाना असावा. हे सामान आणि झाकणाचा रबर हंगामाआधीच आणून ठेवावा. तोडणी लागली की तालुक्याला जायला सवड मिळत नाही.